तीळ तेवढा ठेवला

भिंतीएवढा मोठा करून लावला होता तो फोटो. बाईची पाठ. मानेपासून कमरेपर्यंत उघडी, दोन्ही बाजूंना काळ्या ड्रेसचे दोन पल्ले आणि मधली चेन पार खाली ओढलेली. चेहरा नाही, कारण चेहऱ्याचं कुणाला काम नव्हतं. खाली दोनच शब्द, ‘एका ओढीत’. चेन बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात होती ती. एका अख्ख्या पिढीनं ती बघून डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून पुन्हा बघितली.

फोटोसमोर एक म्हातारी उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. कुणाची तरी आजी चुकून प्रदर्शनात शिरली असं समजून लोक तिला वळसा घालून पुढं जात होते. एका पोरानं तर, “आजी, जरा बाजूला होता का?” म्हणून तिला हलवलं आणि त्या पाठीजवळ गाल नेऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. भिंतीवरची पाठ आणि त्यानं आत्ता हातानं बाजूला सारलेली पाठ एकच आहे, हे त्याच्या बापाच्याही ध्यानात आलं नसतं.

म्हातारी फोटो बघायला आलेली नव्हती. तिला एक वाक्य हवं होतं. हा फोटो ज्यानं काढला तो फोटोवाला आज इथं येणार होता, त्याचा सत्कार होता. त्याच्या तोंडून, आपल्या लेकीदेखत, तिला एवढंच ऐकायचं होतं : हिच्या पाठीवर वळ होते. बस. त्यापुढं त्यानं शाल घ्यावी, हार घ्यावेत, नाहीतर खड्ड्यात जावं.

लेक आली ती घामाघूम होऊन. पन्नाशीची बाई, गळ्यापर्यंत बंद कपडे, खांद्याला ऑफिसची बॅग. आईला ‘आई’ म्हणणं तिनं कधीच सोडलं होतं. थेट वाक्यच सुरू करायची.

“अर्धी रजा टाकून आलेय. कुठाय तो?”

“येईल आता. भाषण आहे त्याचं.”

“भाषण ऐकायला बोलावलंस मला?”

“भाषण नाही गं. तो स्वतः सांगेल तुला. एकदा त्याच्या तोंडून ऐक, मग माझं तोंड बघू नकोस जन्मात.”

“ते तसंही कुठं बघते,” लेक म्हणाली आणि खुर्ची ओढून मागच्या रांगेत बसली. फोटोकडे तिनं मानसुद्धा वळवली नाही.

म्हातारीला पूर्वी त्या फोटोवाल्याच्या स्टुडिओत सगळे टाचणी म्हणायचे. ती तिथं कपडे शिवायची. जाहिरातीत जे झगमगीत दिसतं त्यातलं निम्मं मागून टाचण्यांनी आवळलेलं असतं, आणि त्या टाचण्या तिच्या ओठांत धरलेल्या असायच्या. त्यामुळं बोलणं कमी. घरी तर त्याहून कमी. नवरा डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. गल्लीत त्याला कोण मान! पोरांना खोकला झाला की बाया आधी त्याच्याकडे धावायच्या. हळू आवाजात बोलायचा, म्हाताऱ्यांचा हात धरून पायऱ्या उतरवायचा. संध्याकाळी घरी आला की हात स्वच्छ धुवायचा, कंबरेचा पट्टा काढून खुंटीला अडकवायचा, आणि भाजीत मीठ कमी आहे की जास्त यावर तो पट्टा खुंटीवर राहणार की खाली येणार हे ठरायचं. कुठं मारलं की दिसत नाही, हे त्याला शिकवायला लागत नव्हतं. दवाखान्यातला माणूस.

टाचणी एकदा पोलिसांकडे गेली होती. तिथला साहेब म्हणाला, “डॉक्टरचं लिहून आण.” ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर एकच, नवऱ्याचा मालक. त्यानं चष्मा पुसला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, “तो तसा माणूस नाही हो.” पाठ बघतो असंसुद्धा म्हणाला नाही. उलट संध्याकाळी त्यानंच कंपाउंडरला सांगितलं की तुझी बायको येऊन गेली. त्या दिवशी मीठ बरोबर होतं, तरी पट्टा खाली आला. बक्कलाच्या बाजूनं.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत चेनची जाहिरात काढायची होती.

एक मॉडेल ठरवलेली होती. आली, पायावर पाय टाकून बसली, कॉफी प्याली आणि मग तिला कळलं की फोटो मागून काढायचाय.

“म्हणजे माझा चेहरा नाही?”

“कल्पनाच तशी आहे,” जाहिरातवाला म्हणाला. हा गळ्यात रुमाल बांधणारा माणूस; ‘एका ओढीत’ हे दोन शब्द त्यानंच काढले होते आणि ते काढल्यापासून तो जमिनीच्या वीतभर वरून चालत होता.

“चेहरा नाही तर मला काय फायदा? माझ्या पाठीला कोण सिनेमात घेणार आहे?” म्हणत ती उठली आणि गेली. तिचं बरोबरच होतं. त्या दिवशी त्या खोलीत शहाणं बोलणारी ती एकटीच.

कंपनीचा माणूस घड्याळ बघत बसलेला. दिवे लावून तापलेले. फोटोवाल्यानं खोलीभर नजर फिरवली. त्यात बाई म्हणून एकच उरली होती, ओठांत टाचण्या धरून ड्रेसचा काठ दुमडत बसलेली.

“टाचणी, मागं वळ बरं.”

“कशाला?”

“वळ नुसती.” ती वळली. त्यानं बाजारात वांगी बघावीत तसं बघितलं. “चालेल ही. मान छान आहे.”

“मी नाही,” टाचणी म्हणाली. टाचण्या ओठांतून काढून परत म्हणाली, “मी नाही, साहेब.”

“अगं चेहरा येत नाही,” जाहिरातवाला म्हणाला. “तुझ्या घरच्यांनासुद्धा कळायचं नाही.”

“तुम्हाला माझी पाठ चालायची नाही.”

“चालेल की नाही ते आम्ही ठरवू.”

आणि इथं तिच्या डोक्यात वीज चमकली. समोर केवढा मोठा कॅमेरा. चारी बाजूंनी दिवे. रस्त्यावरच्या कुठल्या फोटोवाल्याकडे जाऊन ती ‘माझ्या उघड्या पाठीचा फोटो काढा’ म्हणू शकली असती का? दारातूनच हाकलली असती. आणि इथं तीन पुरुष तिची मनधरणी करत होते. डॉक्टर लिहून देत नाही ना? नको देऊ. कॅमेरा लिहून देईल.

“एक अट आहे,” ती म्हणाली. “जसा निघेल तसा एक फोटो मला द्यायचा. मला एका ठिकाणी दाखवायचाय.”

“एक काय, दहा घे!” फोटोवाला हसला. त्याला वाटलं, बाई हौशी निघाली.

तिनं पडद्याआड जाऊन ड्रेस चढवला, चेन खाली ओढली आणि येऊन उभी राहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत चार आडवे वळ, लाल-जांभळे, आणि मध्यभागी बक्कलाचा चौकोन, एक कोपरा तुटलेला. शिक्का मारल्यासारखा.

“बापरे,” जाहिरातवाला म्हणाला. तेवढंच. कुणी केलं, कधी केलं, दुखतंय का, काही नाही. मग फोटोवाल्याकडे वळून, “हे जाईल ना?”

“जाईल. फिल्मवरचे डाग काढायला भिंगकाका आहेत ना.”

हे तिनं ऐकलं होतं. ऐकूनही ती उभी राहिली, हा तिचा अडाणीपणा म्हणा. पण तो अडाणीपणाही तिच्या धंद्यातला होता. शिवणकामात आधी कच्चा धागा घालतात, अंगावर चढवून बघतात, मग पक्की शिवण मारतात. आणि पक्की शिवण चुकली तरी उसवता येते. फोटोचंही तसंच असणार, असं तिनं धरलं. आधी एक कच्चा निघेल, तो आपला. मग त्यांच्यासाठी तो भिंगकाका काय करायचं ते करेल.

फोटोवाल्याच्या डोक्यात तर विषयच नव्हता. त्यानं तीन फिल्मा काढल्या. एक पसंत केली, दोन बादलीत टाकल्या. वाया गेलेल्या फिल्मा त्या बादलीत जमायच्या आणि त्यातली चांदी काढणारा येऊन त्या घेऊन जायचा. पसंत केलेली फिल्म वाळली तशी भिंगकाकांच्या टेबलावर गेली. त्या स्टुडिओत हीच रीत होती. हात न फिरवलेल्या फिल्मवरून फोटो छापणं म्हणजे माणसाला तोंड न धुता दारात उभं करणं, असं फोटोवाला म्हणायचा. आयुष्यात त्यानं तसा एकही फोटो छापला नव्हता. दिलेला शब्द त्यानं मोडला नाही, त्याला तो शब्द कळलाच नाही. ‘जसा निघेल तसा’ म्हणजे भिंगकाकांच्या हातून निघेल तसा. दुसरं काही निघतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याच दिवशी टाचणी पोरीला घेऊन आपल्या मोठ्या बहिणीकडे निघून गेली. आठवड्यानं फोटो घ्यायला आली. पाठ तोवर पिवळी पडायला लागली होती. फोटोवाल्यानं पाकिटातून मोठा फोटो काढला आणि दुकानदारानं भारी कापड उलगडावं तसा तिच्यासमोर धरला.

ती बघत राहिली.

“साहेब, हा माझा नाही.”

“तुझाच आहे! हा बघ तीळ, डाव्या खांद्याखाली. भिंगकाका तोही काढत होते. मी म्हटलं, तीळ तेवढा ठेवा. तिळानं मजा येते.”

“आणि वळ?”

“कुठायत?” तो अभिमानानं म्हणाला. “शोधून दाखव!”

ती तशीच आतल्या खोलीत शिरली. भिंगकाका खिडकीशी, डोळ्यात भिंग अडकवून, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतली सुरकुती पुसत बसलेले. तिच्या हातातला फोटो बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आवडला ना? दोन दिवस मोडले माझे. तसलं काम पुन्हा नाही.”

“काका, पुसा ते.”

“काय पुसा?”

“तुम्ही जे घातलंय ते. रबरानं पुसा. मला माझे वळ द्या.”

भिंगकाकांनी डोळ्यातलं भिंग काढलं. बिनभिंगाचा त्यांचा डोळा फार बारीक दिसायचा. “वळ होते का ते? मला वाटलं, दिव्याच्या दांड्याच्या सावल्या पडल्यात. मी पाठ बघत नाही बाई, मी डाग बघतो.”

“पुसा म्हणते ना.”

“वरून पेन्सिलनं भरलंय, तेवढं निघेल. पण आधी पात्यानं खरवडलंय, ते कुठून आणू? ती कडा, ते चौकोनाचं... फार उठून दिसत होतं. ते फिल्मवरून गेलं. पेन्सिल काढली तर खाली नुसते ओरखडे राहतील. ते कुणी मारल्याचे दिसणार नाहीत, पातं फिरल्याचेच दिसतील.”

“आणि त्या दोन? बादलीतल्या?”

“चांदीवाला कालच येऊन गेला.”

शिवणीत उसवता येतं. इथं नाही. हे तिला त्या खोलीत, त्या खिडकीशी कळलं, आणि मग ती तिथल्या स्टुलावर बसली. भिंगकाकांनी तिला पाणी दिलं. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं लागतच नाहीत असल्या कामाला.

जाहिरात भिंतींवर लागली आणि एकच गहजब झाला. सभ्य लोकांच्या समितीनं मोर्चा काढला. बायकांनी त्या पाठीला डांबर फासलं. कॉलेजातल्या पोरांनी डांबर न फासलेले कागद भिंतीवरून ओले करून सोडवून नेले. जितकी बोंब, तितक्या चेनी खपल्या. कंपनीनं हळूच पिल्लू सोडलं की ही पाठ एका मोठ्या नटीची आहे, नाव सांगता येत नाही. मग काय, घरोघरी त्या पाठीवर गप्पा.

एका घरात मात्र गप्पा झाल्या नाहीत. कंपाउंडरनं रस्त्यात उभं राहून तो तीळ बघितला आणि कागद नीट घडी करून घरी नेला. मग पोरीच्या शाळेत जाऊन तिला घेऊन आला. बाप होता, कुणी अडवलं नाही. आणि मुलगी मलाच मिळावी म्हणून कोर्टात उभा राहिला.

त्याच्या वकिलानं तो कागद न्यायाधीशांपुढे पसरला. “ही पाठ तुमची?”

टाचणी ‘नाही’ म्हणू शकली असती. चेहरा नव्हता. नटीची आहे असं सगळं जग म्हणत होतं. पण ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं.

“हो, माझीच.”

“कधी काढलेला फोटो?”

तिनं सांगितलं.

“म्हणजे नवऱ्यानं बक्कलानं मारलं म्हणता, त्याच्या दुसऱ्या दिवशी?”

“हो.”

वकिलानं खिशातून भिंग काढून न्यायाधीशांच्या हातात ठेवलं. “साहेब, एक ओरखडा सापडला तर मी वकिली सोडतो.”

ते पुसलंय, ती ओरडून सांगत होती. खरवडलंय, फोटोवाल्याला बोलवा. लोक हसत होते. फोटोवाल्याला बोलावणं गेलं होतंच. तो बाहेरगावी शूटिंगला गेलाय असं कळलं. पुढच्या तारखेलाही बाहेरगावीच होता. नटीची अफवा जोरात चालली होती, ती शिंपिणीच्या पाठीसाठी कोण मोडणार? न्यायाधीशांनी पोरीला आतल्या खोलीत नेऊन विचारलं, बाबा आईला मारतात का. पोरगी म्हणाली, नाही. तेवढ्यावर निकाल लागला. त्यात असंही होतं की जी बाई भररस्त्यात पाठ उघडी टाकते, तिच्या हाती मुलगी देणं योग्य नाही. पाठ भररस्त्यात टाकणारे सगळे पुरुष त्या दिवशी आपापल्या कामावर होते.

पोरीचं ते ‘नाही’ टाचणीनं कधी मनावर घेतलं नाही. लेकरू ते, पढवलेलं बोललं. तो मारायचा तेव्हा पोर झोपलेली असायची, तिला काय माहीत! पण म्हणून लेकीला पटवून देणं तिच्या आयुष्याचं काम होऊन बसलं. बाकी पोटासाठी ती एका दुकानाच्या पायरीशी मशीन टाकून कपडे दुरुस्त करायची. जास्त करून तुटक्या चेनी बदलायची. त्याच कंपनीच्या असायच्या. लवकर तुटायच्या.

गेल्या वर्षी कंपाउंडर गेला. प्रेताला गल्ली लोटली होती म्हणे.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, तशी टाचणी भानावर आली. फोटोवाला आला होता. केस काळे केलेले, हात थरथरणारा, कानात यंत्र. काळे कपडे घातलेली एक पोरसवदा बाई, या प्रदर्शनाची कर्तीधर्ती, माइकवर बोलत होती. “ही पाठ म्हणजे आपल्याकडच्या स्त्रीनं स्वतःच्या शरीरावर सांगितलेला पहिला हक्क आहे. ती न घाबरता उभी आहे. ती कुणाला उत्तर देत नाही.”

“काय पण,” मागच्या रांगेत लेक पुटपुटली.

मग फोटोवाला बोलला. दिवा कुठं ठेवला, सावली कशी पाडली, समितीच्या लोकांनी स्टुडिओवर दगड कसे मारले. लोक हसले. “आणि ती कोण होती, असं मला सगळे विचारतात,” तो म्हणाला आणि नाटकातल्यासारखा थांबला. “ती आज या जगात नाही. तिचं नाव माझ्याबरोबरच जाईल.” कडकडून टाळ्या.

चहाच्या टेबलापाशी गर्दी विरळ झाल्यावर टाचणी पुढं झाली. लेक दोन पावलं मागं.

“साहेब, ओळखलंत का?”

“चेहरा... कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो.”

“चेहरा तुम्ही कधी बघितलाच नाही. टाचणी मी.”

त्यानं कानातलं यंत्र नीट बसवलं. “टाचणी! अगं, जिवंत आहेस तू?”

“आत्ताच मारलंत मला माइकवर. असू दे. ही माझी लेक. हिला एक सांगा, मग मी जाते. त्या दिवशी माझ्या पाठीवर काय होतं?”

“काय होतं म्हणजे?”

“तुम्ही बघितलंत. तिघांनी बघितलं.”

त्यानं भिंतीकडे बघितलं. खूप वेळ. म्हातारा खरंच आठवत होता. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. “तीळ होता,” तो म्हणाला. “बघ ना, तो काय.”

“वळ होते, साहेब. पट्ट्याचे. जाहिरातवाला ‘बापरे’ म्हणाला. तुम्ही म्हणालात, भिंगकाका आहेत.”

“नाही गं. पुटकुळ्या असतील दोन-चार, तेवढ्या काढल्या असतील त्यानं. पण पाठ अशीच होती. इतकी वर्षं बघतोय मी ती, मला माहीत नसेल?”

तो खोटं बोलत असता तर तिनं त्याच्या हातातला चहा त्याच्या तोंडावर ओतला असता. पण तो खोटं बोलत नव्हता. भिंगकाकांनी फिल्म खरवडली होती, आणि मग त्या फोटोनं इतक्या वर्षांत याचं डोकं खरवडून गुळगुळीत केलं होतं. खालचं आता कुठंच काही शिल्लक नव्हतं.

“आणि हळू बोल,” तो झुकून म्हणाला. “तू होतीस हे बाहेर पडलं तर मजा जाईल गं सगळी. लोकांना—”

“बक्कल चौकोनी होतं,” लेक मधेच म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

“पितळेचं. डावीकडचा खालचा कोपरा तुटलेला,” ती फोटोवाल्याकडे बघून म्हणाली, जसं काही हरवलेल्या वस्तूचं वर्णन देतेय. मग बॅग खांद्यावर चढवली आणि दाराकडे चालू लागली.

टाचणीनं तिला बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं. धाप लागली होती.

“तुला कसं माहीत?”

“त्याच घरात होते ना मी.”

“तू झोपलेली असायचीस.”

“डोळे मिटलेले असायचे.”

“मग कोर्टात तू...”

“त्या साहेबानं मला लिमलेटची गोळी दिली आणि विचारलं, बाबा आईला मारतात का. बाबा दाराबाहेर उभे होते. मला घरी त्यांच्याबरोबरच जायचं होतं. काय सांगू?”

“अगं, मी कधी तुला दोष नाही दिला. तुला माहीतच नाही असं धरून चालले मी. तुला पटावं म्हणून तर हा सगळा—”

“मला काय पटवायचं होतं?” लेकीचा आवाज वर चढला. खालून जाणाऱ्या दोघांनी वळून बघितलं. तिनं पर्वा केली नाही. “तू गेलीस. पट्टा कुठं गेला? तो खुंटीवरच होता. भाजी मग कोण करत होतं त्या घरात?”

“बोलली का नाहीस? शाळेच्या फाटकाशी यायचे मी. तुझ्या लग्नात मागच्या दारानं आले.”

“आलीस. आणि काय बोललीस? फाटकाशी, फोटो. लग्नात, फोटो. पुसला, खरवडला, भिंगकाका मेला, चांदीवाला सापडत नाही. आजसुद्धा कशाला बोलावलंस? जन्मभर पुरावा पुरावा करत हिंडलीस. मी समोर उभी असायचे. एकदा तरी विचारलंस, तुझी पाठ बघू?”

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. टाचणीनं हात पुढं केला. शिंपिणीचा हात, मापं घेण्याची सवय असलेला. लेकीच्या खांद्यावर आता टेकणार, तोच लेक एक पायरी खाली उतरली.

“आता विचारते,” टाचणी म्हणाली. “आता दाखव.”

“आता काय दाखवू?” लेक म्हणाली. “भरलं सगळं. काही दिसत नाही. छान गुळगुळीत झालीय, तुझ्या त्या फोटोसारखी.”

समोरच्या थांब्यावर बस लागली. लेकीनं मागं न बघता रस्ता ओलांडला. टाचणी तिच्या पाठीकडे बघत राहिली, गळ्यापर्यंत बंद, सरळ, कुठं एक सुरकुती नाही असं कापड, बसच्या दारात शिरून दिसेनासं होईपर्यंत.

आत कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या.